मांजरासाठी दिवसभराचे पाळणाघर निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांजराला पाळणाघराची खरोखर गरज असते का?

बहुतेक मांजरांना नसते, आणि निवडीच्या तपशिलात शिरण्यापूर्वी हे स्पष्ट केलेले बरे. निरोगी, वयात आलेले मांजर दिवसातले १२ ते १६ तास झोपेत किंवा पेंगण्यात घालवते, त्यामुळे घरातली माणसे कामावर गेल्यानंतरचे आठ-नऊ तास त्याला जाचतातच असे नाही. कुत्रा माणसांच्या संगतीत रमतो. मांजराचा जीव माणसांइतकाच, किंबहुना काकणभर अधिक, जागेत गुंतलेला असतो. ओळखीचे वास, नेहमीच्या वाटा आणि हवे तेव्हा दडून बसता येईल असा कोपरा यांवर त्याची स्वस्थता अवलंबून असते. केवळ 'ते एकटे पडते' या काळजीपोटी त्याला रोज सकाळी पेटीत घालून परक्या ठिकाणी नेले, तर मूळ अडचणीपेक्षा उपायच अधिक त्रासदायक ठरण्याची शक्यता असते.

तरीही काही प्रसंगी पाळणाघर हाच योग्य मार्ग असतो. दिवसातून अनेक वेळा खाऊ घालावे लागणारे लहान पिल्लू, शस्त्रक्रियेनंतर नजरेखाली ठेवण्याची गरज असलेले मांजर, दर काही तासांनी द्यावे लागणारे औषध, घरात चाललेले रंगकाम किंवा दुरुस्ती, घर बदलण्याचा दिवस ही त्याची उदाहरणे होत. अशा वेळी दार सतत उघडे राहणाऱ्या घरापेक्षा बंदिस्त आणि जबाबदार जागा सुरक्षित असते.

घरी येऊन मांजराकडे पाहणारी व्यक्ती मिळत असेल, तर तो पर्याय अधिक चांगला का?

बुजऱ्या, वयस्कर किंवा दीर्घ आजार असलेल्या मांजरासाठी सामान्यतः होय. मांजर आपल्याच जागेत राहते, प्रवास टळतो आणि इतर मांजरांकडून होणाऱ्या संसर्गाची भीती बरीच कमी होते. मर्यादा एवढीच की ती व्यक्ती अर्धा-एक तास थांबून निघून जाते आणि उरलेल्या वेळात काही बिघडले तर ते पाहायला कोणी नसते. सतत देखरेखीची गरज असेल तर पाळणाघर आणि नसेल तर घर, असा ढोबळ निकष ठेवण्यास हरकत नाही.

जागा पाहायला गेल्यावर आधी कशाकडे लक्ष द्यावे?

शक्यतो कामकाजाच्या वेळेत जावे आणि मांजरे प्रत्यक्ष ठेवली जातात त्या खोलीपर्यंत नेण्याची विनंती करावी. सर्व मांजरे आत असताना परक्या माणसांची वर्दळ नको म्हणून कोणी ठरावीक वेळ देत असेल, तर तो आक्षेपाचा मुद्दा नव्हे. मात्र ती खोली कोणत्याच वेळी पाहू दिली जात नसेल, तर पुढची चौकशी थांबवावी.

दारातून आत शिरताच वास घ्यावा. लघवीचा उग्र दर्प येत असेल तर निष्कर्ष उघड आहे, परंतु सुगंधी फवाऱ्याचा घमघमाटही तितकाच संशयास्पद मानावा. मांजराचे नाक माणसाच्या नाकापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते आणि अनेक सुगंधी तेले त्याच्या यकृताला पचवता येत नाहीत. त्यानंतर कान द्यावा. त्याच इमारतीत कुत्रे ठेवले जात असतील, तर त्यांचे भुंकणे मांजरांच्या खोलीत किती ऐकू येते हे तेथे काही मिनिटे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. शोभेसाठी फुलदाणी ठेवलेली असेल तर त्यातली फुलेही पाहावीत. लिलीची पाने, पाकळ्या, पराग, एवढेच नव्हे तर फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकते. मांजरांच्या जागेत लिली दिसली, तर तेथील माणसांना मांजरांविषयी किती माहिती आहे याचा वेगळा पुरावा लागत नाही.

बाहेर पडण्याच्या मार्गावर एकामागोमाग एक अशी दोन दारे असणे, म्हणजेच पहिले बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही अशी व्यवस्था असणे, अत्यावश्यक आहे. भेदरलेले मांजर हातातून निसटायला क्षणभरही लागत नाही.

तेथील मांजरे अगदी शांत बसलेली दिसली. म्हणजे ती समाधानी आहेत असे समजावे का?

नाही; पाळणाघर पाहायला गेलेल्या माणसांची सर्वाधिक फसगत येथेच होते. घाबरलेले मांजर नेहमी फिस्कारते किंवा पंजा मारते असे नाही. पुष्कळ मांजरे भीतीने निपचित होतात आणि ही निश्चलता पाहणाऱ्याला आरामासारखी वाटते.

फरक जवळून पाहिल्यावर कळतो. निवांत मांजर कुशीवर कलंडलेले असते, पाय सैल सोडलेले असतात आणि पंज्यांचे तळवे जमिनीला टेकलेले नसतात. ताणाखाली असलेले मांजर चारही पंजे जमिनीला टेकवून, पाय पोटाखाली घेऊन, अंग चोरून बसते. शेपूट शरीराला घट्ट लपेटलेली असते आणि मान खांद्यांत ओढून घेतलेली असते. डोळे मिटलेले दिसले तरी पापण्यांच्या फटीतून बाहुल्या रुंद झालेल्या दिसतात आणि खोलीत भांडे जरी हलले तरी कान त्या दिशेला वळतात. काही मांजरे तर खाण्याच्या वाटीकडे पाठ करून लिटरच्या, म्हणजे शी-लघवीसाठी ठेवलेल्या वाळूसारख्या भुशाच्या, ट्रेमध्येच बसून राहतात, कारण दडण्यासाठी दुसरी जागाच नसते. खोलीतील बहुतांश मांजरे अशा अवस्थेत असतील, तर दोष मांजरांच्या स्वभावाचा नसून व्यवस्थेचा असतो.

कप्प्यांची किंवा खोल्यांची रचना कशी असावी?

प्रत्येक मांजराला, किंवा एकाच घरातून आलेल्या मांजरांना मिळून, स्वतंत्र कप्पा असावा. दोन कप्प्यांमधील भिंत जाळीची नसून भरीव असावी आणि कप्पे समोरासमोर नसावेत. असलेच तर त्यांत पुरेसे अंतर असावे. अनोळखी मांजराची टक लावलेली नजर ही मांजरांच्या जगात धमकी असते. भरीव भिंतीचे दुसरे कारण आरोग्याचे आहे, कारण शिंकेतून उडणारे तुषार मीटरभर अंतरापर्यंत सहज पोहोचतात.

कप्प्यात चढून बसण्यासाठी उंचावर फळी आणि लपण्यासाठी आडोसा असलाच पाहिजे. आडोसा म्हणजे साधे पुठ्ठ्याचे खोकेही चालते. नेदरलँड्समध्ये निवारा केंद्रातील मांजरांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात असे आढळले की, लपायला खोके मिळालेली मांजरे खोके न मिळालेल्या मांजरांपेक्षा कितीतरी लवकर स्थिरावली. 'मांजर लपून बसते, मग दिसत नाही' असे म्हणून आडोसा काढून ठेवणारे पाळणाघर मांजरापेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सोयीचा विचार करत आहे, असे समजावे.

खाणे, पाणी आणि लिटर यांत जागेच्या मानाने जास्तीत जास्त अंतर हवे. ट्रे मांजराला आत पूर्ण वळता येईल इतका मोठा असावा. ट्रेच्या शेजारी वाटी ठेवलेली असेल, तर मांजर उपाशी राहील किंवा लघवी दाबून धरेल, आणि यातली दुसरी गोष्ट अधिक धोक्याची आहे.

सर्व मांजरांना एकत्र मोकळे सोडले जाते, हे चांगले नाही का?

जाहिरातीत हे दृश्य आकर्षक दिसते, परंतु मांजरांच्या दृष्टीने पाहता आम्ही त्याची शिफारस करणार नाही. मांजरे गटाने राहू शकतात. मात्र तो गट हळूहळू, बहुधा नात्यातल्या किंवा लहानपणापासून एकत्र वाढलेल्या मांजरांचा बनतो. रोज बदलणाऱ्या अनोळखी मांजरांची गर्दी हा गट नव्हे. त्यात सतत मारामारी होईलच असे नाही. एखादे मांजर वाटेत नुसते बसून राहते आणि दुसरे दिवसभर ट्रेपर्यंत जाण्याचे धाडस करत नाही, हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. मोकळी जागा पाळीपाळीने एकेका मांजराला दिली जात असेल, तर मात्र ती व्यवस्था उत्तम म्हणावी.

कोणत्या लसी झालेल्या असाव्यात?

पॅनल्युकोपेनिया (आतड्यांवर हल्ला करणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार), तसेच शिंका-सर्दीचे आजार घडवणारे हर्पिसविषाणू आणि कॅलिसिविषाणू या तिन्हींविरुद्धची एकत्रित लस आणि रेबीजची लस ही किमान अपेक्षा आहे. पिल्लांचे लसीकरण साधारणतः सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांच्या वयापर्यंत, किंवा त्याच्याही पुढे, चालते. ही मालिका पूर्ण होण्यापूर्वी पिल्लाला इतर मांजरांच्या थेट सहवासात ठेवू नये. इतर मांजरांशी थेट संपर्क येणार असेल, तर फेलाइन ल्युकेमिया या मांजरांमध्ये पसरणाऱ्या विषाणूजन्य आजाराच्या चाचणीविषयी आणि लसीविषयीही पशुवैद्यांशी बोलून घ्यावे.

आपल्याकडे लसीकरणाचे कार्ड न मागणारे पाळणाघर दुसऱ्या कोणाकडेही ते मागत नसणार, हा तर्क येथे पुरेसा आहे.

लस झालेली असतानाही माझे मांजर पाळणाघरातून आल्यावर शिंकू लागले. असे का झाले?

हर्पिसविषाणूची लस आजाराची तीव्रता कमी करते, परंतु संसर्ग पूर्णपणे रोखत नाही. शिवाय हा विषाणू एकदा शरीरात शिरला की मज्जापेशींमध्ये आयुष्यभर सुप्तावस्थेत राहतो आणि जागाबदलासारख्या ताणानंतर पुन्हा डोके वर काढतो. ताणाचा प्रसंग आणि विषाणू बाहेर पडू लागणे यांत बहुधा आठवडाभराचे अंतर जाते, म्हणूनच शिंका अनेकदा घरी परतल्यावर सुरू होतात. अशा वेळी दुसऱ्या मांजराकडून लागण झाली की आपल्याच मांजरातला जुना विषाणू जागा झाला हे सांगणे कठीण असते. पाळणाघराला दोष देण्याआधी हे ध्यानात घ्यावे आणि कळवावे मात्र अवश्य, कारण शेजारच्या कप्प्यातील मांजरांच्या पालकांना सावध करणे त्यांचे काम आहे.

स्वच्छतेबद्दल नेमके काय विचारावे?

'जागा स्वच्छ ठेवता ना?' या प्रश्नाला सर्वत्र एकच उत्तर मिळते. त्याऐवजी कोणते जंतुनाशक वापरता आणि ते किती वेळ तसेच ठेवून मग पुसता, हे विचारावे. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू परिसरात वर्षभरही टिकू शकतो आणि फरशी पुसण्याची अनेक सामान्य जंतुनाशके त्याच्यावर निष्प्रभ ठरतात. योग्य प्रमाणात पातळ केलेले ब्लीच मात्र, पृष्ठभाग आधी धुऊन घेतलेला असल्यास, परिणामकारक असते. पाण्यात मिसळताच दुधाळ होणारी फिनाइलसारखी फिनॉलयुक्त द्रव्ये मांजरांसाठी विषारी आहेत, कारण ती पंज्यांना लागतात आणि पंजे चाटले जातात.

प्रत्येक कप्प्यासाठी वाट्या, ट्रे आणि खरवडणी वेगळी आहे का, आजारी वाटणाऱ्या मांजरासाठी निराळी खोली आहे का आणि त्या खोलीचे काम सर्वांत शेवटी केले जाते का, हेही पाहावे. पिसवा आणि गजकर्ण हे दोन त्रास अशा ठिकाणाहून घरी येतात. त्यांपैकी गजकर्ण माणसांनाही होते.

चांगले पाळणाघर ओळखण्याची एकच कसोटी सांगायची झाल्यास ती कोणती?

नोंदवही. भिंतीवरचे रंग, खेळण्यांची संख्या किंवा समाजमाध्यमांवरील छायाचित्रे यांपेक्षा तेथे काय टिपून ठेवले जाते यावरून पाळणाघराची पारख करावी, असे आमचे ठाम मत आहे.

मांजर आजार लपवते. त्याचे दुखणे आधी वाटीत आणि ट्रेमध्ये दिसते, चेहऱ्यावर नंतर. म्हणून प्रत्येक मांजराने किती खाल्ले, पाणी प्यायले का, लघवी किती वेळा झाली, लिटरमधल्या गोळ्यांचा आकार नेहमीसारखा होता का, शी कशी होती आणि मांजर आडोशाबाहेर आले का, याची वेळेसह नोंद असली पाहिजे. 'आज छान खेळला' हा शेरा मालकाला सुखावतो, परंतु पशुवैद्यांच्या उपयोगाचा नसतो. 'सकाळी वाटीतले अर्धे खाल्ले, दुपारी वास घेऊन सोडले, लघवीची गोळी एकच आणि लहान' ही नोंद मात्र वेळेवर उपचार मिळवून देऊ शकते. भेटीच्या वेळी मागील आठवड्यातील एखादे पान, मालकाचे नाव झाकून, दाखवण्याची विनंती करावी. सर्व दिवसांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच मजकुराच्या आणि एका बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या, तर त्याचा अर्थ समजून घ्यावा.

कोणत्या गोष्टी दिसल्यास पाळणाघराने वाट न पाहता पशुवैद्यांकडे न्यावे?

बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल आणि थेंबभरच लघवी होत असेल किंवा अजिबात होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने हा धोका त्याला अधिक असतो. मूत्राशयाचा एक प्रकारचा दाह ताणामुळे उद्भवतो, आणि त्यातून मार्ग बंद झाल्यास एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. पुष्कळांना हा प्रकार बद्धकोष्ठासारखा वाटतो आणि मोलाचे तास वाया जातात.

तोंड उघडे ठेवून श्वास घेणे हीदेखील तातडीची अवस्था आहे. विश्रांतीत असलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला साधारणतः १५ ते ३० वेळा चालतो. झोपेतही तो सातत्याने ३० च्या वर असेल तर तपासणी हवी. अन्न पूर्णपणे सोडल्यास पहिल्या २४ तासांतच पशुवैद्यांशी बोलावे, कारण दोन-तीन दिवसांच्या उपवासाने, विशेषतः लठ्ठ मांजरांमध्ये, यकृतात चरबी साठून गंभीर आजार जडू शकतो. 'भूक लागली की खाईल' हे धोरण मांजराच्या बाबतीत चालत नाही.

औषधे देण्याबाबत काय ठरवून घ्यावे?

औषध कोण देणार, त्या व्यक्तीच्या सुट्टीच्या दिवशी कोण देणार आणि मांजराने गोळी थुंकली तर काय करणार, हे तिन्ही प्रश्न विचारावेत. इन्सुलिन घेणारे मांजर असेल, तर त्याने खाल्ले नाही तरीही नेहमीचीच मात्रा द्यायची का, याविषयी पशुवैद्यांची लेखी सूचना सोबत द्यावी. पाळणाघराने स्वतःच्या मनाने कोणतेही औषध देऊ नये, हे करारात असावे. माणसांसाठी रोजचे असलेले पॅरासिटामॉल मांजराला अगदी थोड्या मात्रेतही मारक ठरते आणि कुत्र्यांच्या पिसवांवरील परमेथ्रिनयुक्त थेंबांनी मांजराला झटके येऊ शकतात. कुत्री आणि मांजरे एकत्र सांभाळणाऱ्या ठिकाणी या दुसऱ्या मुद्द्याची मुद्दाम आठवण करून द्यावी.

करारात आणखी काय असावे?

तातडीच्या उपचारांना संमती, खर्चाची मर्यादा, आपल्या पशुवैद्यांचे नाव आणि आपण उपलब्ध नसल्यास निर्णय घेणारी व्यक्ती. ओळखीसाठी कातडीखाली मायक्रोचिप बसवलेली असल्यास तिचा १५ अंकी क्रमांक लिहून द्यावा आणि नोंदणीतील आपला दूरध्वनी क्रमांक जुना नाही ना, हे तपासून घ्यावे.

नसबंदी न झालेल्या मांजराला प्रवेश मिळतो का?

अनेक ठिकाणी वयात आलेल्या बोक्याला नाकारले जाते आणि ते रास्त आहे. त्याच्या लघवीच्या फवाऱ्यांचा वास संपूर्ण खोलीला अस्वस्थ करतो.

सवय होण्यास किती दिवस लागतात?

पाळणाघरांत ठेवलेल्या मांजरांवरील १९९७ मधील एका अभ्यासानुसार ताणाची पातळी पहिल्या चार दिवसांत सर्वाधिक वेगाने उतरते आणि दोन आठवड्यांत सुमारे दोन-तृतीयांश मांजरे बऱ्यापैकी रुळतात. याचाच अर्थ उरलेल्यांना तो मुक्काम कमीअधिक जड जातो. हे निरीक्षण सलग मुक्कामाविषयीचे आहे. रोज सकाळी नेऊन संध्याकाळी परत आणल्या जाणाऱ्या मांजराला प्रवास आणि जागाबदल दोन्ही दररोज सोसावे लागतात.

म्हणून सुरुवात तासा-दोन तासांच्या भेटीने करावी, नंतर अर्धा दिवस ठेवावे आणि प्रत्येक वेळी वाटी आणि ट्रे यांची नोंद पाहूनच पुढची पायरी घ्यावी. शक्य असल्यास तोच कप्पा आणि तीच सांभाळणारी व्यक्ती मिळावी असा आग्रह धरावा. त्यापूर्वी घरी पेटी कायम उघडी ठेवून, आत अंथरूण घालून तिची भीती घालवावी. पेटी केवळ दवाखान्याच्या दिवशीच बाहेर निघत असेल, तर मांजर ती पाहताच पलंगाखाली जाणार.

सोबत काय द्यावे?

नेहमीचेच अन्न, नेहमीचेच लिटर आणि मांजर ज्यावर झोपते ते न धुतलेले पांघरूण. स्वच्छ कपडे पाठवण्याच्या सवयीला येथे आवर घालावा, कारण त्या कापडाचा सारा उपयोग त्याच्या वासातच असतो.

कॅमेऱ्यातून मांजर पाहण्याची सोय असणे महत्त्वाचे आहे का?

उपयुक्त आहे, निर्णायक नाही. कॅमेऱ्याकडे पाहताना मांजर गोड दिसते का हे न पाहता, ते जागा बदलते का, अंग चाटून साफ करते का आणि खोलीत कोणी आल्यावर काय करते, हे पाहावे. तासन्‌तास एकाच स्थितीत बसलेले मांजर दिसले तर फोन करून विचारावे.

पाळणाघरातून आणल्यावर घरातले दुसरे मांजर त्याच्यावर फिस्कारते. काय करावे?

मांजरे एकमेकांना प्रामुख्याने वासाने ओळखतात आणि परतलेल्या मांजराच्या अंगाला परका वास चिकटलेला असतो. दोघांना समोरासमोर आणून 'ओळख करून देण्याचा' खटाटोप करू नये. परतलेल्या मांजराला काही तास, गरज पडल्यास एक-दोन दिवस, स्वतंत्र खोलीत ठेवावे, दोघांची अंथरुणे अदलाबदल करावीत आणि मग दार किलकिले करून भेट होऊ द्यावी. मांजर रोज पाळणाघरात जात असेल आणि हा तणाव रोज संध्याकाळी उद्भवत असेल, तर दोन्ही मांजरांना एकत्र नेणे किंवा दोघांनाही घरी ठेवून कोणाला तरी बोलावणे हेच व्यवहार्य पर्याय उरतात; त्यांपैकी दुसरा बहुधा दोघांच्याही पचनी लवकर पडतो.